बालवाडीच्या अभ्यासक्रमाची उद्दिष्टे आणि मूल्ये लिहिताना

बालवाडीचा अभ्यासक्रम लिहायला बसलेली समिती बहुधा पहिल्याच ओळीत ‘सर्वांगीण विकास’ हे शब्द लिहिते. सकाळी दारात आईचा पदर धरून रडणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला कसे आत घ्यायचे, हे मात्र त्या शब्दांतून ताईंना कळत नाही. म्हणून उद्दिष्ट असे लिहावे, की ते मुलाच्या वागण्यात दिसू शकेल. ‘भाषाविकास साधणे’ असे न लिहिता ‘मूल घरी घडलेला प्रसंग आपल्या बोलीत चार-पाच वाक्यांत सांगते’ असे लिहिले, तर ताईंनी काय ऐकायचे आणि त्यासाठी दिवसात वेळ कुठे राखायचा, हे आपोआप ठरते.

उद्दिष्टांची चौकट नव्याने आखण्याची गरज नाही. पायाभूत स्तरासाठीचा २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ३ ते ८ या वयोगटासाठी आहे आणि त्यात शारीरिक, सामाजिक-भावनिक, बौद्धिक, भाषिक व कलाविषयक विकासाची क्षेत्रे दिलेली आहेत. प्रत्येक क्षेत्राखाली दोन-तीनच विधाने लिहावीत. वीस विधाने लिहिली की ती कपाटातच राहतात.

मूल्यांचे काम अधिक नाजूक आहे, कारण ती भिंतीवर रंगवून मुलांपर्यंत पोहोचत नाहीत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत काम करू लागल्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे यांसारख्या परिसरातल्या वस्तू वापरल्या गेल्या. समानता हे मूल्य तिथे जागा, वेळ आणि साधने यांच्या निवडीतून दिसते, आणि आपल्या मसुद्यातही ते तसेच उतरावे.

त्यासाठी तीन किंवा चार मूल्ये निवडून प्रत्येकापुढे ते दिवसाच्या कोणत्या भागात येते आणि मोठ्यांनी काय करायचे नाही, अशा दोन गोष्टी लिहाव्यात. स्वातंत्र्य हे मूल्य घेतले, तर मुक्त खेळाचा वेळ कोणत्याही कारणाने कापायचा नाही आणि मुलाने केलेला मातीचा हत्ती ताईंनी ‘नीट’ करून द्यायचा नाही, असे स्पष्ट नोंदवावे. हा दुसरा नियम पाळणे वाटते त्यापेक्षा फार अवघड आहे.

‘लिहायला कधी शिकवणार?’ हा पालकांचा प्रश्न ठरलेलाच असतो आणि त्याचे उत्तर मसुद्यातच असावे. माती मळणे, कागद फाडणे, बिया निवडणे, मणी ओवणे यांतून बोटांचे स्नायू तयार होतात, पेन्सिल त्यानंतर येते, हे साध्या भाषेत एका परिच्छेदात सांगावे. मूल्यमापन परीक्षेने न करता ताईंच्या रोजच्या नोंदींवरून करावे. प्रत्येक मुलाविषयी आठवड्यातून दोन ओळी पुरतात.

मसुदा पूर्ण झाल्यावर तो आधी वर्ग सांभाळणाऱ्या ताईंना वाचायला द्यावा आणि प्रत्येक विधानापुढे ‘येत्या सोमवारी मी यासाठी काय करीन’ हे त्यांना लिहायला सांगावे. जिथे रकाना कोरा राहील, ते विधान पुन्हा लिहावे किंवा खोडून टाकावे.