नेपल्समध्ये उत्तम पिझ्झा कसा शोधायचा

रोमहून जलद रेल्वेने नेपल्स सव्वा तासावर आहे. त्यामुळे बरेच जण सकाळी येतात, पॉम्पेई बघतात आणि परतीच्या गाडीआधी स्टेशनसमोर जे पहिलं दुकान दिसेल तिथे पिझ्झा खाऊन घेतात. इतक्या लांब येऊन असं करू नका. एका दिवसात दोन पिझ्झे नीट खाता येतात, दोन दिवसांत चार. ते चार कुठे, किती वाजता आणि कोणते खायचे एवढं आधी ठरवलं तर बाकी अवघड काही नाही.

आपण काय शोधतोय ते आधी नक्की करू. नेपल्सचा पिझ्झा कुरकुरीत नसतो. तो मऊ, लवचिक असतो आणि मधोमध ओलसर असतो. आपल्याकडच्या साखळी-दुकानांतल्या कडक बुडाच्या पिझ्झाची सवय असेल तर पहिल्या घासाला ‘हा कच्चा राहिलाय’ असं वाटू शकतं. तसं नाही, तो असाच असतो. १९८४ साली इथल्या पिझ्झावाल्यांनी स्थापन केलेल्या संघटनेने मापं लिहूनच ठेवली आहेत: उंडा २०० ते २८० ग्रॅमचा, व्यास जास्तीत जास्त ३५ सेंटिमीटर, मध्यभाग जेमतेम पाव सेंटिमीटर जाड आणि कड एक ते दोन सेंटिमीटर फुगलेली. कणकेत फक्त पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट. तेल नाही, साखर नाही. ही कणीक ८ ते २४ तास आंबवतात आणि पिझ्झा लाकडाच्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. भट्टीची फरशी ४०० अंश सेल्सियसच्या आसपास आणि वरचा घुमट त्याहून तापलेला असतो, म्हणून एवढ्या कमी वेळात काम होतं. घरच्या ओव्हनला बहुधा २५० अंशांच्या फारसं पुढे जाता येत नाही. तिथे पिझ्झाला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात पाणी उडून जातं आणि तो वाळतो.

उंडा लाटत नाहीत, हाताने थापतात. बोटं मधून कडेकडे नेत आतली हवा कडेला ढकलायची असते, ती भट्टीत फुगून कड तयार होते. या कडेला ‘कॉर्निचोने’ म्हणतात. लाटणं फिरवलं की हवा निघून जाते आणि कड भाकरीच्या काठासारखी सपाट राहते. २०१७ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली ती हातांच्या या कसबाचीच, पिझ्झाची नव्हे.

दुकानात शिरण्याआधी दारातूनच शेजारच्या ताटांकडे बघा. कडेवर छोटे काळे ठिपके विखुरलेले असले तर उत्तम, चांगल्या भाकरीवर पडतात तसे. कड सगळीकडे एकसारखी फिकट असेल तर भट्टी पुरती तापलेली नाही. आपला पिझ्झा समोर आला की कड उचलून बुडाकडेही नजर टाका. बूड काळंकुट्ट आणि चवीला कडू असेल तर फरशीवर सांडलेलं कोरडं पीठ जळून चिकटलंय, म्हणजे फरशी झाडायला कोणाला वेळ झालेला नाही. कड तोडल्यावर आत मोठी, असमान छिद्रं दिसायला हवीत. आत गिचगिचीत, पांढरट थर दिसला तर कणीक कमी आंबली आहे, आणि असा पिझ्झा पोटात दगडासारखा बसतो.

दाराबाहेर उभं राहून चित्रांचा मेनू दाखवत हाका मारणारी जागा टाळा. ज्या मेनूवर पिझ्झासोबत लझानिया, सीफूड पास्ता आणि स्टेकही आहे तीही टाळा. चांगल्या पिझ्झेरियाचा मेनू छोटा असतो. काही दारांवर पुल्चिनेल्ला या मुखवटाधारी पात्राचं चित्र आणि क्रमांक असलेली पाटी दिसेल. ती वर सांगितलेल्या संघटनेची. पाटी असणं चांगलं, पण सभासदत्व ऐच्छिक आहे, त्यामुळे नसली म्हणून दुकान बाद करू नका.

वेळ मात्र फार महत्त्वाची. दुपारी बारा किंवा संध्याकाळी सातच्या सुमाराला, दुकान उघडताना पोचा. दीड वाजता आणि रात्री नऊला भट्टीत एकामागून एक पिझ्झे जातात, फरशी थंड होत जाते, वाढप्याचे हात पुरत नाहीत आणि तयार पिझ्झा काउंटरवर थांबून राहतो. भट्टीतून निघालेला पिझ्झा तीन-चार मिनिटांत उतरायला लागतो: चीज घट्ट होतं, कड चामट होते. त्याच दुकानाचा सव्वाबाराचा आणि पावणेदोनचा पिझ्झा एकच नसतो. जागा निवडता आली तर भट्टीजवळचं टेबल मागा. काही दुकानं रविवारी बंद असतात आणि १५ ऑगस्टच्या (इटलीतला सुट्टीचा सण) आगेमागे तर अख्खी गल्ली बंद दिसू शकते, म्हणून जाण्याच्या दिवशी सकाळी वेळा तपासा.

पहिल्यांदा मार्गेरिताच मागवा. टोमॅटो, चीज, तुळशीच्या जातीचं बेसिल आणि तेल, एवढंच. इतक्या कमी जिनसांत काही लपवता येत नाही. चीज दोन प्रकारचं मिळतं. ‘फ्योर दी लात्ते’ गाईच्या दुधाचं, त्यात आजेरोला गावचं नावाजलेलं. ‘बुफाला’ म्हशीच्या दुधाचं, किंमत एक-दोन युरोंनी जास्त. बुफालाची चव गोडसर-आंबट आणि दाट, पण ते पाणी जास्त सोडतं आणि मधोमध तळं साचतं. म्हणून पहिल्या पिझ्झावर साधं फ्योर दी लात्ते घ्या, बुफाला दुसऱ्या खेपेला. धुरावलेल्या चवीचं ‘प्रोवोला’ मिळालं तर तेही एकदा खाऊन बघा, फार सुंदर लागतं.

दुकानाची खरी परीक्षा मारिनारामध्ये. तिच्यात चीजच नसतं: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. नावात समुद्र असला तरी मासळी काही नसते. टोमॅटो आंबट असेल किंवा कणीक बेचव असेल तर ते पहिल्या घासाला कळतं. दोघं जात असाल तर एक मार्गेरिता, एक मारिनारा घ्या आणि अर्धा-अर्धा वाटून खा.

आता जागा. सेंट्रल स्टेशनपासून दहा-बारा मिनिटं चालत, चेझारे सेर्साले रस्त्यावर ‘दा मिकेले’ आहे, १८७० पासूनचं. वर्षानुवर्षं इथे फक्त मारिनारा आणि मार्गेरिता मिळायच्या, आजही मेनू जेमतेम आहे. पिझ्झा ताटाबाहेर लोंबतो इतका मोठा आणि पातळ असतो. दारातून आत जाऊन आधी नंबराचा कागद घ्यायचा आणि मग बाहेर थांबायचं. नुसते गर्दीत उभे राहिलात तर तासाभराने कळेल की आपण रांगेत नव्हतोच. नंबर इटालियनमध्ये पुकारतात, तेव्हा आपला आकडा कसा उच्चारतात ते फोनवर ऐकून ठेवा.

जुन्या शहरातला त्रिबुनाली रस्ता म्हणजे पिझ्झाची पेठच. ३२ क्रमांकाला जीनो सोर्बिल्लोचं दुकान आहे. याच रस्त्यावर सोर्बिल्लो आडनावाची आणखी दुकानं आहेत, म्हणून पाटीसोबत क्रमांकही बघा. थोडं पुढे ९४ क्रमांकाला ‘दी मात्तेओ’. १९९४ मध्ये जी-७ परिषदेसाठी आलेले अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन इथे पिझ्झा खाऊन गेले. बसायला रांग असली तरी दारातल्या काउंटरवर ‘पोर्ताफोल्यो’ मिळतो, म्हणजे चार घड्या घालून कागदात दिलेला छोटा पिझ्झा. तो उभ्याने, थोडं पुढे वाकून खायचा, नाहीतर गरम तेल सरळ शर्टावर येतं. वेळ कमी आणि पैसे मोजके असतील तर याहून चांगला सौदा शहरात नाही.

माणसांची वस्ती बघायची असेल तर मेट्रो १ ने मातेरदेई स्टेशनला उतरा. तिथून ‘स्तारिता’ अगदी जवळ, १९०१ पासूनचं. इथे ‘मोंतानारा’ घ्या: उंडा आधी तळतात, वर टोमॅटो-चीज घालून मग भट्टीत टाकतात. पिन्यासेक्का बाजारातलं ‘आत्तिल्यो’ ताऱ्याच्या आकाराच्या पिझ्झासाठी प्रसिद्ध आहे, त्याच्या टोकांत रिकोटा हे मऊ, ताजं चीज भरलेलं असतं. समुद्राकडे मेरजेल्लिनाजवळ, सान्नाझारो चौकात ‘५० कालो’ आहे. इथल्या कणकेत पाण्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे पिझ्झा पिसासारखा हलका. आदल्या पिझ्झाने पोट भरलेलं असताना संध्याकाळी इथेच जावं. जुन्या पद्धतीचा आणि नव्या पद्धतीचा पिझ्झा यांतला फरक कळायचा असेल तर दुपारी दा मिकेले, रात्री ५० कालो, एवढं पुरे.

तळलेला पिझ्झा, ‘फ्रित्ता’, हा वेगळाच पदार्थ. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत भट्टी परवडत नव्हती तेव्हा घराच्या दारात कढई ठेवून बायका तो तळून विकायच्या. आत रिकोटा, प्रोवोला, मिरपूड आणि बहुतेकदा ‘चिकोली’, म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे. स्टेशनजवळच्या ‘ला मासार्दोना’मध्ये तो खासच होतो. पूर्ण आकाराचा एकट्याला संपत नाही, छोटा ‘बात्तिलोक्यो’ मागवा. फोडल्यावर आतली वाफ तोंड भाजते, दोन मिनिटं थांबा.

शाकाहारी मंडळींनी काही शब्द पाठच करावेत. इटलीत ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरची, आपल्याला वाटतं ते सॉसेज नव्हे. ‘अलीची’ म्हणजे खारवलेले छोटे मासे. ‘फ्रियारिएल्ली’ ही कडवट पालेभाजी फार चांगली लागते, पण ती बहुधा ‘साल्सिच्चा’ या डुकराच्या सॉसेजबरोबर येते. क्रोक्के या बटाट्याच्या रोलमध्ये आणि फ्रित्तातीना या तळलेल्या पास्ता-वड्यात हॅम किंवा खिमा असू शकतो, दरवेळी विचारा. ‘सेन्झा’ म्हणजे ‘शिवाय’: ‘सेन्झा कार्ने’ मांसाशिवाय, ‘सेन्झा पेशे’ मासळीशिवाय, ‘सेन्झाल्यो’ लसणाशिवाय. पार्मेझान, पेकोरिनो आणि बुफाला मोझरेल्ला ही चीजं वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं विरजण) घालून करतात. ते चालत नसेल तर मारिनारा घ्या. जैन जेवण हवं असेल तर मारिनाराच, ‘सेन्झाल्यो’ म्हणून.

पिझ्झा कापून देत नाहीत. सुरी-काट्याने मधल्या ओल्या भागापासून खायला लागा, कारण तोच आधी थंड होतो. मग हाताने घडी घालून कडेपर्यंत जा. कड ताटात टाकून देऊ नका, कणीक कशी आहे ते तिथेच कळतं. केचप मागू नका. मिरचीचं तेल मात्र बिनधास्त मागा, ‘ओल्यो पिक्कान्ते’.

बिलात ‘कोपेर्तो’ किंवा ‘सेर्वित्सियो’ नावाची जादा रक्कम दिसली तर फसवणूक समजू नका, ती मेनूवर खाली लिहिलेली असते. ती भरली की वेगळी टिप द्यावी लागत नाही. आणि हॉटेलवर नेऊन खायचा बेत असेल तर तो सोडा: बंद खोक्यात वाफ अडकते, दहा मिनिटांत कड भिजल्या पुठ्ठ्यासारखी होते. न्यायचाच असेल तर खोक्याचं झाकण थोडं उघडं ठेवा आणि जवळच्या चौकातल्या पायरीवर बसून संपवा.