रोमन चांदीच्या नाण्यावरची देवता ओळखताना या चुका टाळा

तराजू दिसला की न्यायदेवता, पंख दिसले की परी. डिनारियस या रोमन चांदीच्या नाण्याची मागची बाजू पाहताना नवा संग्राहक हमखास अशी घाई करतो. पंखवाली बहुधा विजयदेवता व्हिक्टोरिया असते, तिथे फारसं अडत नाही. अडतं ते तराजूपाशी. एका हातात तराजू आणि दुसऱ्या हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग घेऊन एक्विटासही उभी असते आणि मोनेटाही. एक चोख व्यवहाराची देवता, दुसरी टांकसाळीची. फरक कळतो तो फक्त कडेच्या अक्षरांवरून. निव्वळ शिंगावर तर जाऊच नका: तेच शिंग सुकाणूसोबत भाग्यदेवता फॉर्च्युनाकडे असतं, नैवेद्याच्या ताटलीसोबत सलोख्याची देवता कॉन्कॉर्डियाकडे. अक्षरं झिजली असतील, किंवा त्यांत नुसत्या सम्राटाच्या पदव्याच असतील, तर कॅटलॉगशी ताडून पाहा. तरीही जुळेना, तर नोंदीत ‘तराजू व शिंग घेतलेली स्त्री’ एवढंच लिहा. ठोकून दिलेल्या नावापेक्षा ते बरं.

शिरस्त्राण म्हणजे बुद्धी आणि युद्धाची देवता मिनर्व्हा, हेही असंच. इ.स.पू. 211च्या सुमारास सुरू झालेल्या डिनारियसवर पंखांच्या शिरस्त्राणातलं डोकं आहे ते रोम शहराच्या देवतेचं, रोमाचं. मिनर्व्हा भरभरून भेटते ती सम्राट डोमिशियनच्या (इ.स. 81–96) नाण्यांवर, भाला-ढाल घेऊन, कधी घुबडासह.

तिसऱ्या शतकातल्या अँटोनिनियानस या दुसऱ्या रोमन नाण्यावर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट असतो. तो सूर्यदेव सोल नव्हे. मुकुट नाण्याचं मूल्य डिनारियसच्या दुप्पट असल्याचं दाखवतो. राण्यांच्या खांद्याखालची चंद्रकोरही त्याचसाठी. अशा नाण्यावर तांबूस झाक दिसली म्हणून लगेच ‘नकली’ म्हणू नका. इ.स. 270च्या आसपास त्यात चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली होती.

वजनाचंही तसंच. सम्राट ऑगस्टसचा डिनारियस सुमारे 3.8 ग्रॅमचा, पण नीरोने इ.स. 64मध्ये तो 3.4च्या आसपास आणला. त्यामुळे ट्राजनचं झिजलेलं नाणं 3.1 भरलं, तर त्यात संशय घेण्याजोगं काही नाही. कडेला साच्याची शिवण किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले, तर मात्र सावध व्हा: ते साच्यात ओतलेलं नकली नाणं असू शकतं.

आणि कृपा करून चिंच, लिंबू, टूथपेस्ट लावू नका! शतकानुशतकं मातीत राहिलेली चांदी ठिसूळ झालेली असू शकते. नुसती फरशीवर पडली तरी तुकडे होतात. घासल्यावर आधी जातात ते देवतेच्या चेहऱ्याचे आणि हातातल्या वस्तूंचे बारकावे, म्हणजे ओळख पटवणाराच भाग.