टीमचे खर्चाचे क्लेम तपासताना या चुका टाळा

माझी टीम नागपूरहून वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरला फिरते. महिनाअखेरीला क्लेमचा गठ्ठा टेबलावर आला की पूर्वी मी एकेक बिल पाहायचो, बेरीज जुळली की सही करायचो. सगळ्यात मोठी चूक हीच. बिल खरं असतं, पण ते त्या दौऱ्याचं असतंच असं नाही. एकदा चंद्रपूरच्या दौऱ्यात बाइकचं पेट्रोल आणि त्याच दिवसाचं एसटीचं तिकीट, दोन्ही मी पास केलं होतं. आता आधी दौऱ्याची नोंद उघडतो: कोण, कुठे, कोणत्या तारखेला. बिलं त्यानंतर.

दुसरी चूक म्हणजे न विचारता कापणं. नागपूर ते चंद्रपूर साधारण दीडशे किलोमीटर, येऊन-जाऊन तीनशे. एका मुलाने साडेतीनशे लिहिले म्हणून मी पन्नास कापले. तो वरोऱ्याहून वणीला एका डीलरकडे वळला होता, तेही मीच फोन करून सांगितलं म्हणून. मला फार वाईट वाटलं. त्याचे पैसे परत केले, आणि तेव्हापासून कापण्याआधी फोन करतो.

बिल काळं पडलंय म्हणून नाकारू नका. पेट्रोलपंपाची पावती थर्मल कागदावर असते, ती उष्णतेनेच उमटते. मे महिन्यात आपल्याकडे गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली तर अख्खी काळी होते. पैसे दिल्यावर तिथेच फोटो काढायची सवय लावा. नुसता यूपीआयचा स्क्रीनशॉट मात्र पुरत नाही. पैसे गेले एवढंच त्यात दिसतं, कशासाठी गेले ते नाही.

हॉटेलच्या बिलावर कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर चेक-आउटच्या वेळीच घालून घ्यायला सांगा, नंतर हॉटेलवाले टाळतात. पण शिवनी, छिंदवाड्याच्या मुक्कामाचं बिल त्यासाठी परत पाठवू नका. त्यावर मध्य प्रदेशचा कर लागतो, आणि कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर त्याचं क्रेडिट, म्हणजे बिलात भरलेला जीएसटी कंपनीच्या जीएसटीतून वजा करून घेणं, मिळतच नाही.

टोलसाठी फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. कंपनीच्या गाडीचा टॅग ऑफिसच रिचार्ज करत असेल तर तोच टोल पुन्हा क्लेममध्ये आलाय का, ते बघा.

रोखीच्या खर्चात एक जागा सांभाळा. एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर काही अपवाद वगळता आयकरात तो खर्च वजा मिळत नाही. दोन व्हाउचर केली तरी दिवसाची बेरीज एकच धरतात. अशी बिलं दिसताच अकाउंट्सला कळवा.

एका ओळीची शंका असेल तर पूर्ण क्लेम अडकवू नका. मुलांनी हे पैसे स्वतःच्या पगारातून घातलेले असतात, आणि पाच तारखेला घरभाडं द्यायचं असतं. शंकेची ओळ बाजूला काढा, बाकीचं त्याच दिवशी पास करा.