अक्षता १२.३५ ला, मग फोटो कधी? लग्नदिवसाची वेळ आखताना

पत्रिकेत वेळा दोनच छापलेल्या असतात. हळद सकाळी ९ वाजता, अक्षता दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी. या दोन ओळींच्या मध्ये नवरीची आंघोळ, केस, मेकअप, शालू, दागिने, गौरीहर, मानपान, पाहुण्यांचा नाश्ता असं सगळं बसवायचं असतं, आणि त्यातल्या कशाचीच वेळ कुणी लिहीत नाही. मग ९ ची हळद १० ला सुरू होते, ११ पर्यंत चालते आणि नवरी धापा टाकत बोहल्यावर येते. ती धाप अल्बममध्ये जशीच्या तशी दिसते. कितीही चांगला कॅमेरा आणला तरी ती पुसता येत नाही.

आमचा फोटो स्टुडिओ कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ, कॅमेरा स्तंभापासून हाकेच्या अंतरावर. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रोलच्या काळात लग्नांचे फोटो काढले. एका रोलमध्ये ३६ फोटो, एका लग्नाला चार नाहीतर पाच रोल. फोटो मोजून काढायचे म्हटल्यावर अण्णा आधी आठवडाभर लग्नघरी जाऊन बसायचे आणि एकच विचारायचे, "कुणाचा फोटो राहिला तर तुम्हाला रुखरुख लागेल?" आता कार्डात हजारो फोटो मावतात, तरी मी तोच प्रश्न विचारते. कारण आता रोल संपत नाही, वेळ संपते.

तर सुरुवात अशी करा. कागद घ्या आणि मुहूर्तापासून मागं मोजत या. १२.३५ ला अक्षता. म्हणजे १२.२५ ला मामा नवरीला घेऊन निघाले पाहिजेत. त्याआधी ती गौरीहराशी बसलेली असते, त्याला निवांत अर्धा तास द्या, म्हणजे झाले ११.५५. नवरीचे एकटीचे, आईवडिलांबरोबरचे आणि आजी-आजोबांबरोबरचे फोटो, २५ मिनिटं. म्हणजे ११.३० ला ती पूर्ण तयार हवी, दागिन्यांसकट. मेकअप, केस आणि साडी याला दोन तास लागतात, नऊवारी असेल तर थोडे जास्तच. म्हणजे उशिरात उशिरा ९.१५ ला ती खुर्चीत बसली पाहिजे, आणि त्याआधी हळद धुऊन आंघोळ. आता सांगा, ९ ची हळद कुठं बसते?

म्हणून माझा आग्रह असतो की हळद आदल्या दिवशी दुपारनंतर घरीच करा. डिसेंबरात कोल्हापुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा हळद ४ ला सुरू झाली तर पाचच्या तिरप्या उन्हात ती सोन्यासारखी दिसते. दुसरा फायदा असा, की हळदीचा पिवळेपणा कातडीवरून लगेच जात नाही. त्याच सकाळी हळद लागली तर मेकअपखालून मान आणि हात पिवळे दिसत राहतात, आणि रात्रभराची उसंत मिळाली तर तो बराच उतरतो. हळद लग्नाच्या दिवशीच लावायची घरची रीत असेल तर मोडू नका. ७ ला सुरू करा आणि ८ ला संपवा. सकाळचं ऊनही तितकंच देखणं असतं, फक्त करवल्यांना उठवायची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी.

गौरीहराचा अर्धा तास मी मुद्दाम मागून घेते. अख्ख्या दिवसात नवरी शांत बसलेली असते ती तेवढीच. समोर तांदळाच्या राशीत अन्नपूर्णा, कपाळाला मुंडावळ्या, हातातला हिरवा चुडा अजून नवा असल्यामुळं थोडा घट्ट. मागं एका लग्नात आई मुंडावळ्यांची गाठ मारत होती आणि तिची बोटं थरथरत होती. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा नवरीनं मागं हात नेऊन आईचा हात नुसता धरला. खिडकीतून डाव्या बाजूनं उजेड येत होता, खोलीत आम्ही तिघीच. असा फोटो सांगून काढता येत नाही, त्याला जागा ठेवावी लागते. त्यासाठी कार्यालय ठरवतानाच नवरीची खोली बघा. तिला खिडकी आहे का? नसेल तर गौरीहर बाहेरच्या पडवीत मांडता येईल का? आणि त्या खोलीतल्या बॅगा, आहेराच्या पिशव्या, चपला दुसरीकडं हलवायला एका भाच्याला सांगून ठेवा.

मुहूर्ताआधी नवरानवरीचे एकत्र फोटो काढून घ्या, असं काहीजण सुचवतात. आपल्याकडं बऱ्याच घरांत अंतरपाटाआधी दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि मला स्वतःला ते फार आवडतं. अंतरपाट खाली आला की दोघांची नजर पहिल्यांदा एकमेकांवर जाते, तो क्षण खराच असू द्यावा. जोडीच्या फोटोंसाठी वेगळी वेळ काढता येते, पुढं सांगते.

आता वडीलधाऱ्यांविषयी, आणि हे मी कळकळीनं सांगते. सुरुवातीच्या काळात मी कौटुंबिक फोटो सगळ्यांसारखेच अक्षतांनंतर घ्यायची. एका लग्नात नवरीच्या आजीला मधुमेह होता. अक्षता पडल्या, स्टेजवर गर्दी झाली, आजींना जेवायला उशीर नको म्हणून घरच्यांनी त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं आणि तसंच घरी सोडलं. मी यादी काढली तेव्हा त्या गेलेल्या होत्या. दीड महिन्यानं त्या घरून फोन आला. आजी वारल्या होत्या, आणि लग्नातला त्यांचा एखादा फोटो आहे का म्हणून विचारत होते. आम्ही रात्रभर सगळं चाळलं. एक सापडला. कुणाच्या तरी खांद्याआडून, अक्षता टाकताना वर गेलेला हात आणि निम्मा चेहरा. तोच मोठा करून दिला. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक वेळापत्रकात ११.३० ला पहिलं नाव आजी-आजोबांचं असतं, मग बाकीचं जग. त्यांना स्टेजवर चढवू नका, ते बसलेत तिथंच नवरीला न्या.

बाकीच्या गटांची यादी घरी बसून करा. एका गटाला माणसं गोळा होण्यासह अडीच-तीन मिनिटं लागतात. २० गट म्हणजे जवळजवळ तास. तेव्हा यादी १२-१५ गटांवर आणा, आणि "मामाकडचे सगळे" असं न लिहिता नावं लिहा. ती यादी घेऊन फिरणारा एक फोटोचा कारभारी नेमा. नवरीचे वडील नकोत, भाऊ तर नकोच, त्यांच्यामागं शंभर कामं असतात. दोन्हीकडचे चेहरे ओळखणारा आणि आवाज खणखणीत असलेला आत्याचा यजमान किंवा मावसभाऊ या कामाला उत्तम. आम्हाला तुमचे काका कोण आणि शेजारी कोण हे कळत नाही.

मुहूर्त टळायचं आपल्याकडचं एक ठरलेलं कारण म्हणजे अक्षतांच्या तोंडावर होणारे सत्कार. पाहुण्यांचा मान राखलाच पाहिजे, पण फेटे आणि शाल-श्रीफळ १२ च्या आत उरकून घ्या. माइकवर जे असतील त्यांच्या हातात वेळ लिहिलेली चिठ्ठी द्या. त्यांनाच एक विनंतीही करायला सांगा, की मंगलाष्टका सुरू असताना स्टेजच्या मधल्या पायऱ्या मोकळ्या ठेवा आणि मोबाईल धरून पुढं येऊ नका. भटजींना आदल्या दिवशी भेटून मंगलाष्टका किती म्हणणार ते विचारते मी. शेवटची कुठली हे माहीत असलं की अंतरपाट खाली यायच्या वेळी मी बरोबर जागेवर असते.

उजेडाचं थोडं. १२.३५ ला ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांखाली काळोख पडतो. लॉनवर मांडव घालणार असाल तर छताचं कापड पांढरं घ्या. लाल-पिवळ्या कापडातून ऊन गाळून आलं की सगळ्यांचे चेहरे त्याच रंगाचे होतात, आणि शालूचा खरा रंग हातचा जातो. स्टेजमागं एलईडी वॉल असेल तर तिचा उजेड अक्षतांच्या वेळी कमी ठेवायला सांगा, नाहीतर भिंत झळकते आणि माणसं काळी पडतात, वर फोटोत पट्टे येतात ते वेगळेच. गुलाबी-निळे लाईट वरातीला ठेवा. डेकोरेशनवाल्यांशी हे बोलणं आगाऊ देताना करा, त्या दिवशी कुणाला ऐकायला सवड नसते.

अक्षता पडल्या की अर्धं कार्यालय पंगतीकडं वळतं, आणि खरे विधी तेव्हाच चालू होतात. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, तास-सव्वातास. इथं हमखास घोळ होतो तो भावाचा. लाह्या द्यायला नवरीचा भाऊ लागतो, कानपिळीलाही तोच, आणि तो त्यावेळी भाताचं घमेलं घेऊन पंगतीत असतो. होम पेटलेला, भटजी थांबलेले, दोघं-तिघं "अरे दादाला बोलवा" म्हणत पळतायत. त्याला १.१५ ते २ वाढण्यातून मोकळं करा आणि हे पंगतीच्या प्रमुखाला सांगून ठेवा. आईवडिलांचंही तसंच. कन्यादानाच्या वेळी आईच्या डोळ्यांतलं पाणी टिपायचं तर आई तिथं असायला हवी, भांडारघराच्या किल्ल्या दुसऱ्या कुणाकडं तरी द्या. फोटो-व्हिडिओवाल्यांनाही अक्षता आणि होम यांच्यामधली २० मिनिटं जेवायला द्या. भेटीगाठी एकजण टिपत राहील, बाकीचे जेवून येतील.

जोडीचे फोटो मी होमानंतर, दोघांचं जेवण झाल्यावर घेते. २० मिनिटं पुरतात, पण ती सलग हवीत आणि नातेवाईक लांब हवेत. डिसेंबर-जानेवारीत ४.४५ च्या सुमारास, मे महिन्यात ६ ला, कारण मेच्या मध्यात सूर्य सातच्या आसपास मावळतो. रंकाळ्यावर जायचा मोह सगळ्यांना होतो. पाण्यापलीकडं मावळणारा सूर्य मलाही हवा असतो, पण लग्नाच्या दिवशी, त्यातून रविवारी, चौपाटीची गर्दी आणि जाण्यायेण्यात तास जातो. रंकाळा आणि पन्हाळा दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. कार्यालयाच्या मागच्या बाजूला एखादं आंब्याचं झाड आणि साधी भिंत मिळाली तरी काम होतं.

गोरज मुहूर्त असेल तर हे सगळं गणित उलटं होतं. सगळ्यात सुंदर उजेड असतो तेव्हाच तुम्ही बोहल्यावर, छताखाली असता. म्हणून गोरजाला जोडीचे फोटो घेता येत नाहीत असं धरूनच चाला. आजी-आजोबा, गौरीहर आणि नवरीचे एकटीचे फोटो ५ च्या आत उरका आणि अक्षता लाईटवरच होणार म्हणून स्टेजच्या उजेडावर खर्च करा. उजेड कुणासाठी थांबत नाही हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. किरणोत्सवात महाद्वारातून आलेली मावळतीची किरणं अंबाबाईच्या पायांपासून मुखापर्यंत चढतात ती मोजक्या मिनिटांत, वाटेत ढग आला की गेली. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत लग्न असेल, तर संध्याकाळी महाद्वार रोडची गर्दी हिशेबात धरा. जोडीनं दर्शनाला जाल त्याला वेळ द्या, पण गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाही, तेव्हा तो वेळ फोटोचा म्हणून धरू नका.

ड्रोन हवा असेल तर कार्यालय उजळाईवाडी विमानतळाच्या बाजूला आहे का ते आधी बघा. त्या परिसरात उड्डाणाला निर्बंध आहेत, आणि परवानगीचं काम लग्नाच्या आदल्या दिवशी होत नाही.

झाल, म्हणजे नवरीला सासरच्यांच्या हाती सोपवायचा विधी, आणि पाठवणी यांना वेळापत्रक लावू नका. तिथं मी कुणाला इकडं बघा म्हणत नाही, लांबची लेन्स लावून कोपऱ्यात उभी राहते. फक्त गाडी दारात आडवी लावू नका, नवरी आणि आई यांच्यामध्ये उघडं दार येतं.

राहिला गृहप्रवेश. हलगी वाजत वरात दारात येते तेव्हा रात्र झालेली असते, सगळी गल्ली नव्या सुनेच्या मागं लोटलेली. फोटो मात्र घराच्या आतून काढायचा असतो, कारण माप ओलांडणारं पाऊल आणि सुनेचा चेहरा दोन्ही आतूनच दिसतात. आम्हाला वरातीच्या पुढं दहा मिनिटं घरी पोचू द्या. उंबऱ्यावरचा मिणमिणता दिवा काढून पांढऱ्या उजेडाचा चांगला बल्ब लावा, तो दुपारीच लावून, पेटवून बघा. दारातल्या चपला बाजूला, आणि माप उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, सासूबाईंच्या आरतीच्या ताटाला आडवं येणार नाही असं. उखाणा घेताना हलगीवाल्यांना दोन मिनिटं थांबायला सांगायचं काम घरातल्या कुठल्या तरी दिरावर सोपवा.