कृषी केंद्रातली मिटिंग: या चुका टाळा

मालक, दिवाणजी, काउंटरवरची दोन पोरं, एक गोदामवाला, एक हमाल. तालुक्याच्या कृषी केंद्रात, म्हणजे बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या दुकानात, माणसं एवढीच. तरी मिटिंग झाली की कामं जिथल्या तिथेच राहतात, कारण सगळीकडे त्याच चुका होतात.

पहिली चूक वेळेची. रात्री शटर अर्धं ओढून मिटिंग घेऊ नका. गल्ला जुळत नसतो आणि पोरांचं लक्ष शेवटच्या एसटीकडे असतं. सकाळी दुकान उघडायच्या पंधरा मिनिटं आधी, गोदामाच्या दाराशी, उभ्याउभ्याच घ्या. मृग लागला की रोज दहा मिनिटं, एरवी आठवड्यातून एकदा. बाजाराचा दिवस सोडून.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "बघून घ्या". एका दुकानात मे महिन्यात मालकाने सगळ्यांना सांगितलं, "जुन्या औषधांच्या तारखा बघून घ्या रे." सगळ्यांनी माना हलवल्या. काउंटरवाल्यांना वाटलं गोदामवाला बघेल, गोदामवाल्याला वाटलं रॅक पोरांचं आहे. जुलैत निरीक्षक आले तेव्हा समोरच्याच खणात जूनमध्ये मुदत संपलेल्या चार बाटल्या उभ्या होत्या. ऐन फवारणीत नोटीस, खुलासा आणि चकरा. कामचुकार कोणीच नव्हतं, काम कोणाच्या नावावरच नव्हतं.

म्हणून काम असं सांगा: "वरच्या दोन खणांतल्या सगळ्या बाटल्या, अंतिम तारीख बघून, गुरुवारी बारापर्यंत, तू." मुदतीला तीन महिने उरलेला माल वेगळ्या क्रेटमध्ये ठेवा आणि परत घेता का म्हणून वितरकाला त्याच दिवशी विचारा. मुदत संपलेला माल "विक्रीसाठी नाही" असा शिक्का मारून, पाटी लावलेल्या वेगळ्या जागी. साधी शंभर पानी वही घ्या, चार रकाने आखा: काम, कोण, कधीपर्यंत, झालं का. पुढची मिटिंग चौथ्या रकान्यापासूनच सुरू करायची. नवे मालक ही वही दोन आठवडे लिहितात आणि मग "लक्षात राहते" म्हणतात. नाही राहत.

तिसरी चूक, मालकच बोलतो. समजा, पॉस मशीनवर (गिऱ्हाईकाचा अंगठा घेऊन खताची विक्री नोंदवायचं यंत्र) युरियाच्या १२० गोण्या दिसतात, गोदामात ११७ भरतात. नेटवर्क नव्हतं म्हणून कोणीतरी माल आधी देऊन अंगठा नंतर घ्यायचं ठरवलं असेल, किंवा ४५ किलोची गोणी उतरवताना फाटली असेल. हे हमालाला माहीत असतं. पण "हे कोणी केलं?" अशी सुरुवात झाली की तो खाली मान घालतो, आणि फरक तपासणीच्या दिवशी बाहेर येतो. तेव्हा परवान्यावर बेतते. बोलायचा क्रम उलटा करा: आधी हमाल, मग गोदामवाला, मग काउंटर, मग दिवाणजी, मालक शेवटी. "सगळं बरोबर आहे ना?" असं विचारलं तर "हो" हेच उत्तर येणार. "काल किती गोण्या उतरल्या, किती फाटल्या, अंगठ्याशिवाय किती गेल्या?" असं विचारा. अंगठ्याआधी माल द्यायची सवय मात्र मुळातूनच बंद करा, गर्दी कितीही असो.

उधारीची नावं गिऱ्हाईक आत असताना वाचू नका. गावात संध्याकाळपर्यंत पोचतात.

गल्ल्यात पैसे कमी आले तर ते त्या पोराशी एकट्यात बोला.

व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला म्हणजे मिटिंग झाली, असं धरू नका. हमाल तो वाचतच नाही.

विषय तीनच घ्या.

पोळ्याच्या सुट्टीचं मात्र आठ दिवस आधी ठरवा. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, दोन्ही दिवस सगळ्यांनाच गाव गाठायचं असतं, आणि फवारणीचं गिऱ्हाईक तेव्हाही येतं. कोण कोणत्या दिवशी येणार ते त्याच वहीत, प्रत्येकाच्या सहीसकट लिहून घ्या.