स्टेंट बसला, अँटिकोॲग्युलंट आधीपासून चालू आहे? या चुका टाळा

एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून, अपिक्सॅबॅन किंवा वॉरफरिनसारखं अँटिकोॲग्युलंट (रक्त गोठण्याची प्रक्रिया मंदावणारं औषध) चालू असतं आणि त्यातच अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसतो. अँजिओप्लास्टी झालेल्या दर शंभरांत साधारण पाच ते दहा जण असे असतात. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर बहुधा रक्त पातळ करणारी दोन किंवा तीन औषधं असतात. पुढे ज्या चुका होतात, त्यांतल्या बऱ्याचशा एकाच कारणाने होतात: कोणतं औषध कधी थांबवायचं, ही तारीख कार्डावर लिहिलेलीच नसते.

दोन प्रकारची औषधं का लागतात, हे आधी पाहू. स्टेंटच्या जाळीवर प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशी) चिकटून गुठळी होते. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ती रोखतात. फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. तिथे अँटिकोॲग्युलंटच हवं. दोन्ही धोके खरे आहेत आणि एका गटाचं औषध दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

ॲस्पिरिन महिनोन्महिने चालू ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक. तीन औषधं म्हणजे जास्त संरक्षण, असं वाटणं स्वाभाविक आहे, पण अभ्यास वेगळंच सांगतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वोएस्ट चाचणीत तिन्ही औषधं घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के रुग्णांना वर्षभरात कुठे ना कुठे रक्तस्राव झाला. ॲस्पिरिन वगळलेल्या गटात हे प्रमाण १९ टक्के होतं. २०१९ च्या ऑगस्टस चाचणीत ४,६१४ रुग्ण होते. तिथेही सहा महिन्यांत दखल घ्यावी असा रक्तस्राव ॲस्पिरिन घेणाऱ्यांत १६.१ टक्के आणि न घेणाऱ्यांत ९ टक्के झाला. ॲस्पिरिन नसताना स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं प्रमाण किंचित जास्त दिसलं, पण तो धोका मुख्यतः पहिल्या महिन्यातला.

म्हणून २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार तिन्ही औषधं बहुतेकांना फक्त आठवडाभर द्यायची असतात. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका विशेष असेल तर फार तर महिनाभर. त्यानंतर अँटिकोॲग्युलंट आणि क्लोपिडोग्रेल ही जोडी: हार्ट अटॅक आला असेल तर साधारण १२ महिने, ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर साधारण ६ महिने. टिकाग्रेलोर आणि प्रसुग्रेल ही जास्त तीव्र औषधं तिहेरी उपचारात वापरत नाहीत. ती कार्डावर ॲस्पिरिन आणि अँटिकोॲग्युलंटसोबत दिसली, तर घरी जाण्याआधीच विचारा.

इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. डॉक्टर ॲस्पिरिन बंद करायला सांगतात, रुग्ण ॲस्पिरिनची वेगळी पट्टी बाजूला ठेवतो, पण रात्रीची गोळी चालूच राहते. पट्टी उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचला की कळतं: क्लोपिडोग्रेल ७५ मिग्रॅ, ॲस्पिरिन ७५ मिग्रॅ. एकाच गोळीत दोन्ही! काही कॅप्सूलमध्ये कोलेस्टेरॉलचं औषधही सोबत असतं. कंपनीचं नाव नव्हे, औषधाचं मूळ नाव वाचायची सवय लावा. म्हणजे एकच औषध दोन नावांनी दुप्पट घेणंही टळेल.

नाकातून रक्त आलं म्हणून सगळंच बंद करणं

आधीच्या चुकीची ही उलटी बाजू, आणि कधी कधी जास्त घातक. स्टेंट नवा असताना क्लोपिडोग्रेल अचानक थांबवलं तर स्टेंट बंद पडून मोठा हार्ट अटॅक येऊ शकतो. ब्रश करताना हिरड्यांतून थोडं रक्त आलं, हातावर काळेनिळे डाग पडले, तर डॉक्टरांना कळवा, पण गोळ्या चालू ठेवा. दात काढायचा असो वा छोटं ऑपरेशन, काय थांबवायचं ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा. मात्र डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, डोक्याला मार, अचानक तीव्र डोकेदुखी, तोंड वाकडं होणं किंवा छातीत दुखणं, यांतलं काहीही झालं तर तडक इस्पितळ गाठा आणि गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या.

भीतीपोटी डोस कमी करणं

अपिक्सॅबॅनचा नेहमीचा डोस दिवसातून दोनदा ५ मिग्रॅ. तो २.५ वर आणायचे निकष ठरलेले आहेत: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, रक्तातलं क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) १.५ मिग्रॅ/डेसिलिटर किंवा जास्त. यांतल्या दोन गोष्टी तरी लागू हव्यात. नुसतं वय जास्त आहे म्हणून डोस निम्मा केला, तर पक्षाघातापासूनचं संरक्षण कमी होतं. रिव्हारोक्सॅबॅन हे दुसरं अँटिकोॲग्युलंट क्लोपिडोग्रेलसोबत चालू असताना बहुधा २० ऐवजी १५ मिग्रॅ देतात आणि ते जेवणासोबतच घ्यायचं असतं. उपाशीपोटी घेतलं तर नीट शोषलं जात नाही. डॅबिगॅट्रान या अँटिकोॲग्युलंटची कॅप्सूल फोडू नका.

वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारोल घेत असाल, तर क्लोपिडोग्रेलसारखं जोडऔषध चालू असेपर्यंत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) साधारण २ ते २.५ मध्ये ठेवतात आणि तपासणी एरवीपेक्षा लवकर लवकर करतात. मेट्रोनिडॅझोलसारखं अँटिबायोटिक सुरू झालं तर आयएनआर भराभर वाढू शकतो. हृदयात धातूची कृत्रिम झडप असेल किंवा डावीकडची मायट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल, तर अपिक्सॅबॅन, रिव्हारोक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्या चालत नाहीत. वॉरफरिनच्याच गटातलं औषध लागतं. ते आपणहून बदलून मागू नका.

पोट आणि गुडघे

या काळात पोटाचं रक्षण करणारी गोळी हवीच. क्लोपिडोग्रेलसोबत पँटोप्रॅझोल बरं, कारण ओमेप्रॅझोल आणि इसोमेप्रॅझोल क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करू शकतात. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नका. पॅरासिटामॉल चालतं, पण तेही वॉरफरिनसोबत रोज आणि बरेच दिवस घ्यायचं असेल तर आधी विचारा.

वर्ष उलटून गेल्यावरही तीच चिठ्ठी

मुदत संपल्यावर बहुतेकांना एकटं अँटिकोॲग्युलंट पुरतं, हे ऐकून रुग्ण घाबरतात. "स्टेंट आहे, मग एकच गोळी?" ही शंका रास्त आहे. २०१९ च्या जपानी अफायर चाचणीत स्थिर रुग्णांना एकटं रिव्हारोक्सॅबॅन किंवा सोबत प्लेटलेटविरोधी औषध दिलं होतं. जोड घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसल्याने ती चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या ॲक्वाटिक चाचणीत तर स्टेंट असलेले आणि जास्त जोखमीचे रुग्ण होते. तिथेही अँटिकोॲग्युलंटसोबत ॲस्पिरिन चालू ठेवल्याने अपायच झाला. तेव्हा आजच कार्ड काढा, स्टेंटची तारीख पाहा आणि पुढच्या भेटीत विचारा: क्लोपिडोग्रेल कोणत्या महिन्यात थांबेल? उत्तर तारखेसह कार्डावरच लिहून घ्या.