ऑक्सिजन अणूंच्या मागे लागण्याआधी: फ्लो ट्यूबवरच्या नवख्यांसाठी

फ्लो ट्यूबवर, म्हणजे वाहत्या वायूत अभिक्रियेचा वेग मोजायच्या नळीवर, नव्यानं बसणाऱ्याला मी सुरुवातीला एथिलीनच घ्यायला सांगतो. ऑक्सिजन अणूशी त्याची अभिक्रिया फार मंद नाही, फार झटपटही नाही. शिवाय तिच्यावर इतकं काम झालंय की आपण मोजलेला वेगस्थिरांक (अभिक्रिया किती वेगानं होते ते सांगणारा आकडा) कुठे बसतो ते लगेच दिसतं.

हिशेब असा. नळीतून २ टॉर दाबाचा हेलियम सेकंदाला १० मीटर वेगानं वाहतोय. दर घनसेंटीमीटरला एथिलीनचे १०० लाख कोटी रेणू असतील, तर ऑक्सिजन अणू १४ मिलिसेकंदांत साधारण ३७ टक्क्यांवर येतात, म्हणजे १४ सेंटीमीटरच्या प्रवासात. एथिलीन सोडणारी सरकती नळी एक सेंटीमीटर मागे ओढली की अभिक्रियेला एक मिलिसेकंद जास्त मिळतो. वेगळं घड्याळ लागत नाही.

अणू आणायचे कुठून? ऑक्सिजनवरच मायक्रोवेव्ह डिस्चार्ज करणं (मायक्रोवेव्हच्या ऊर्जेनं रेणू तोडणं) सोपं, पण न तुटलेला ऑक्सिजन पुढे तयार होणाऱ्या रॅडिकल्सना (रेणूंच्या अतिक्रियाशील तुकड्यांना) जाऊन भिडतो. त्यापेक्षा डिस्चार्ज नायट्रोजनवर करा आणि खालच्या बाजूला नायट्रिक ऑक्साइड सोडा: एक नायट्रोजन अणू जातो, एक ऑक्सिजन अणू येतो. हे एकदा खोलीतले दिवे घालवून पाहाच. आधी नळीभर पिवळसर चमक असते. नायट्रिक ऑक्साइड वाढवत नेलं की ती निळी-जांभळी होते, मग नळी एकदम काळी पडते, आणि नीडल व्हॉल्व्ह किंचित जास्त फिरला की हिरवट-पिवळी. काळी पडते तेव्हा जेवढं नायट्रिक ऑक्साइड जात होतं, तेवढेच ऑक्सिजन अणू. प्रत्यक्ष मोजणीत अणू इतके कमी ठेवावे लागतात की डोळ्यांचं काम संपतं आणि फोटोमल्टिप्लायर (अतिमंद प्रकाश टिपणारं उपकरण) लावावा लागतो.

अणू कमी का, तर खरी मेख तिथेच आहे. एथिलीनवर ऑक्सिजन अणू आदळला की मिथिल आणि फॉर्मिल निघतात, नाहीतर हायड्रोजन अणू आणि व्हिनॉक्सी. (ही दुसरी वाट बर्कलीत युआन ली यांच्या गटानं १९८१ साली छेदणाऱ्या रेणुझोतांच्या प्रयोगात दाखवली.) मिथिल रॅडिकल ऑक्सिजन अणूला एथिलीनपेक्षा शंभर पटींहून जास्त वेगानं गिळतं. अणू भरपूर असतील तर एका टकरीपायी दोन किंवा जास्त अणू खर्ची पडतात आणि वेगस्थिरांक फुगून येतो. अणूंच्या ऱ्हासाचा आलेख मात्र दिसायला सरळच असतो, म्हणून तो पाहून खूश होऊ नका. सुरुवातीचे ऑक्सिजन अणू निम्मे करा आणि पुन्हा मोजा. उतार बदलला तर आधीचा आकडा वहीतच राहू द्या.

भिंतींवरही अणू मरतात. त्यासाठी टेफ्लॉनचा किंवा फॉस्फोरिक आम्लाचा लेप देतात. एथिलीन बंद ठेवून तो ऱ्हास वेगळा मोजायचा, की झालं.

मिथेनचं प्रकरण वेगळं. खोलीच्या तापमानाला ते एथिलीनपेक्षा पन्नास हजार पटींहूनही मंद आहे. मिथेनच्या दहा लाख रेणूंत एथिलीनचे वीस असले, तरी ऑक्सिजन अणूंचा मिथेनमुळे होईल तेवढाच ऱ्हास त्यांच्यामुळेही होतो, आणि तुम्ही सिलिंडरमधल्या मळाचाच वेग मोजत बसता. म्हणून मिथेनची मोजमापं बहुतेक तापवलेल्या नळीत किंवा शॉक ट्यूबमध्ये (आघात-लाटेनं वायू क्षणात तापवणाऱ्या नळीत) होतात. ज्वलनाच्या मॉडेलांना हवे असतात तेही उच्च तापमानाचेच आकडे. सिलिंडरवरच्या शुद्धतेच्या टक्क्यांवर जाऊ नका. वायू गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) स्वतः तपासा आणि अल्कीन (एथिलीनसारखी दुहेरी बंधाची संयुगं) किती आहेत ते लिहून ठेवा.